वाचकांचे प्रश्न : प्रत्येक गुणामागे निवडच असते का?

उत्क्रांतीवर आलेल्या पत्रांपैकी आठ या वेळी घेतली आहेत. वर्ग, शेत, दवाखाना, गोठा आणि जंगल असे विषय निरनिराळे असले तरी सगळ्यांचा रोख एकाच मुद्द्याकडे आहे. म्हणून पहिले उत्तर लांबले आहे आणि पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. मी त्यात डार्विनची नैसर्गिक निवड शिकवते. पुतण्या नागपूरला एम.एस्सी. करतो. तो म्हणतो, “काकू, बहुतेक बदल निव्वळ योगायोगाने टिकतात, निवडीने नाही.” मुलांना मग काय सांगायचे? शरीराचे बहुतेक गुण निवडीने घडले की योगायोगाने?
— शिक्षिका, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : तुम्हा दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहात. पुतण्या डीएनएमधली अक्षरे मोजतो आणि तुम्ही अवयव मोजता.

आधी अक्षरांचे पाहू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत. त्यातला जेमतेम दीड टक्का भाग प्रथिने बनवण्याची कृती सांगतो. प्रत्येक मूल आईबापांत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन जन्माला येते. त्यातले बहुतेक अशा जागी पडतात की शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा बदलाला ना फायदा ना तोटा, त्यामुळे निवड त्याच्याकडे पाहतच नाही. तो पुढे पसरेल की नाहीसा होईल हे कोणाला किती मुले झाली आणि त्या मुलांत आईबापाच्या दोन प्रतींपैकी कोणती उतरली यावर ठरते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या हेलकाव्याला जनुकीय विचलन म्हणतात. जपानचे मोतू किमुरा यांनी १९६८ साली मांडले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असेच रुजलेले असतात. त्यांच्या सहकारी तोमोको ओहता यांनी १९७३ मध्ये पुढची दुरुस्ती केली. किंचित तोट्याचे बदलसुद्धा लहान समूहात टिकून जातात, हे त्यांनी दाखवले.

निवड जोरात की योगायोग, हे ठरवायला एक हिशेब आहे आणि तो दहावीच्या मुलांनाही जमेल. प्रजननात प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांची संख्या N धरा. एखाद्या गुणाचा फायदा s धरा. s = ०.०१ म्हणजे इतरांना १०० पिल्ले होतात तिथे या गुणवाल्याला १०१ होतात. आता s ची तुलना १/(२N) शी करा. s बराच मोठा असेल तर निवड जोरात, नाहीतर योगायोग. N = ५० असेल तर १/(२N) म्हणजे १ टक्का, म्हणजे एक टक्क्याचा फायदा तिथे गर्दीत हरवतो. N = ५०,००० असेल तर १/(२N) एक लाखांश होतो आणि तोच एक टक्का तिथे राजा ठरतो. लक्षात ठेवा, N म्हणजे शिरगणती नव्हे. कळपात शंभर डोकी असली आणि विणाऱ्या दहाच असल्या तर हिशेबात दहाच धरायच्या.

दुसरा आकडा मुलांना चकित करतो. मोठ्या समूहात एकाच जिवात नव्याने उपजलेला फायदेशीर बदल अखेर सगळीकडे पसरण्याची शक्यता साधारण २s असते. एक टक्का फायद्याचा बदल म्हणजे फक्त २ टक्के शक्यता. असे १०० चांगले बदल उपजले तर ९८ पहिल्या काही पिढ्यांतच योगायोगाने बुडतात. निवडीला काम मिळते ते त्यातून वाचलेल्यांवर.

आता अवयव. डोळा, मूत्रपिंड, हाताचा अंगठा यांत शेकडो भाग एकमेकांना धरून काम करतात. विचलनाला दिशा नसते. अशी जुळणी ते उभी करू शकत नाही, उलट हळूहळू मोडते. गुहेतल्या माशांचे डोळे गेले, त्यात निरुपयोगी जनुके बिघडत जाण्याचाही वाटा आहे. काम करणारा गुंतागुंतीचा अवयव दिसला की त्यामागे निवड आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही.

भांडण होते ते मधल्या जागेवर, म्हणजे एकाच जातीच्या दोन समूहांतल्या लहानसहान फरकांवर. नाक, कवटी, कानाची पाळ, केसांचा वळसा. जगभरच्या मानवी कवट्यांची मापे घेतली तर समूहासमूहांतला फरक बराचसा योगायोगाने पडेल तेवढाच निघतो. त्वचेचा रंग मात्र तसा नाही. खंडाखंडांतला फरक त्यात प्रचंड आहे आणि तो सूर्याच्या अतिनील किरणांच्या पट्ट्यांप्रमाणे बदलतो. कडक उन्हात गडद त्वचा रक्तातले फोलेट हे जीवनसत्त्व वाचवते. कमी उन्हाच्या प्रदेशात उजळ त्वचेला ड जीवनसत्त्व बनवणे सोपे जाते. एकाच शरीरातले हे दोन गुण आणि त्यांची उत्तरे उलटी.

म्हणून आमचे मत असे : गुण दिसला की लगेच ‘हा कशासाठी’ असे विचारू नये. आधी योगायोग गृहीत धरावा आणि निवडीकडून पुरावा मागावा. पुरावा म्हणजे तो गुण असलेल्यांना खरोखर जास्त पिल्ले होतात हे मोजलेले असणे, किंवा योगायोगाला शक्य नाही इतक्या वेगाने तो पसरलेला असणे, किंवा सारख्या परिस्थितीत तो स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उपजलेला असणे. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता पूर्व आफ्रिकेच्या पशुपालकांत आणि युरोपात वेगवेगळ्या बदलांनी आली. हा भक्कम पुरावा झाला. (भारतात मुख्यतः आढळणारा बदल युरोपातलाच आहे.) नुसती पटणारी गोष्ट रचता येणे हा पुरावा नव्हे. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञांना याच सवयीवरून खडसावले होते, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

प्रश्न : हे विचलन वर्गात करून दाखवता येईल का? प्रयोगशाळा नाही, संगणक एकच आहे.
— शिक्षक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : लाल आणि पांढरी तूर घ्या. दोन्ही एकाच चाळणीने चाळा, म्हणजे दाण्यांचे माप सारखे राहील. एका कापडी पिशवीत ५ लाल, ५ पांढरे दाणे टाका. न पाहता एक दाणा काढा, रंग पाटीवर लिहा, दाणा परत टाका, पिशवी हलवा. असे दहा वेळा करा. समजा ७ लाल, ३ पांढरे नोंदले गेले, तर पुढच्या पिढीसाठी पिशवीत ७ लाल आणि ३ पांढरे भरा. एकच रंग उरेपर्यंत चालू द्या. वर्गाचे आठ-दहा गट करा आणि प्रत्येक गटाचा आलेख एकाच कागदावर वेगळ्या शाईने काढा.

दहा दाण्यांनी सरासरी १४ पिढ्यांत एक रंग संपतो, म्हणजे साधारण १४० वेळा काढणे. पाऊण तासाच्या तासिकेत ते बसते. वीस दाणे घेतले तर सरासरी २८ पिढ्या, म्हणजे ५६० वेळा काढावे लागते. तासिका संपते, प्रयोग संपत नाही. सरासरीवर विसंबू नका. काही गट पाचव्या पिढीतच संपतात, काही तिशी ओलांडतात. कोणत्या गटात लाल जिंकेल हे सांगता येत नाही, पण एक रंग जाणार हे नक्की, आणि मुलांनी नेमके हेच पाहायचे असते.

चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी म्हणजे दाणा परत न टाकणे. सगळे दहा दाणे काढून मोजले तर हिशेब दर वेळी ५:५ येईल आणि मुले म्हणतील, काही होतच नाही. दुसरी, काचेची बरणी वापरणे. मुले रंग पाहून ‘बरोबरी’ साधतात. तिसरी, पिशवी न हलवणे. नुकताच टाकलेला दाणा वरच असतो आणि तोच पुन्हा हाती येतो. आणि दोन रंगांचे दाणे लहान-मोठे असतील तर मोठा दाणा बोटांना आधी लागतो, म्हणजे नकळत निवडच झाली.

दुसऱ्या दिवशी त्यात निवड घाला. या वेळी १ लाल आणि ९ पांढरे. पांढरा निघाला की फासा टाकायचा. १ पडला तर तो दाणा न नोंदता परत टाकायचा आणि पुन्हा काढायचा. याने लालला पांढऱ्याच्या तुलनेत २० टक्के फायदा मिळतो, निसर्गात हा फार मोठा आकडा आहे. तरीही दहापैकी साधारण तीनच गटांत लाल जिंकेल. फासा नसता तर दहापैकी एका गटात जिंकला असता. फायदा दिसतो, पण खात्री देत नाही.

पहिल्या दिवसाचा, निवडीविना असलेला प्रयोग प्रत्यक्ष जिवांवर पीटर ब्यूरी यांनी केला. त्यांचा निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाशांच्या १०७ बाटल्या, प्रत्येकीत ८ नर, ८ माद्या, आणि डोळ्यांच्या रंगाच्या जनुकाचे दोन प्रकार निम्मे-निम्मे. एकोणिसाव्या पिढीपर्यंत ३० बाटल्यांतून एक प्रकार नाहीसा झाला होता आणि २८ बाटल्यांत तोच एकटा उरला होता.

प्रश्न : पऱ्हाटीवरची गुलाबी अळी बीटीला (अळी मारणारे विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीला) जुमानत नाही. कृषी केंद्रवाले म्हणतात, अळीला सवय झाली. सवय की निवड? आणि रेफ्युजीचे, म्हणजे सोबत मिळणाऱ्या बिगर-बीटी बियाण्याचे, पाकीट आमच्या इकडे बहुतेक जण फेकून देतात. त्याने खरेच काही फरक पडतो का?
— शेतकरी, राळेगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : सवय नाही. कोणतीही अळी आयुष्यात विष पचवायला शिकत नाही आणि शिकली तरी पिल्लांना देऊ शकत नाही. ही निवड आहे, आणि इतकी उघडी निवड दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

हिशेब असा. प्रतिकाराचा बदल हजारातल्या एका जनुकप्रतीत आधीपासून होता असे धरा. तो अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच अळी वाचते. अशी अळी दहा लाखांत एक. शेतात सगळी पऱ्हाटी बीटीच असेल तर दहा लाखांतली तीच एक उरते आणि पतंग झाल्यावर तिला जोडीदारही तशीच वाचलेली मिळते. त्यांची सगळी पिल्ले प्रतिकारक. एका फटक्यात काम झाले.

आता ५ टक्के पऱ्हाटी बिगर-बीटी आहे असे धरा. दहा लाख अळ्यांपैकी ५० हजार तिथे सुखाने वाढतात. प्रतिकारक पतंगाला जोडीदार मिळतो तो या ५० हजारांतला. पिल्लांत एकच बदललेली प्रत उतरते आणि ती बीटीवर मरतात. रेफ्युजी अळ्या पोसते म्हणून ती फेकणाऱ्याला नुकसानीची वाटते. पण अळ्या पोसणे हेच तिचे काम आहे.

एका जनुकाचे बीटी बियाणे बोलगार्ड २००२ मध्ये आले, दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे २००६ मध्ये. गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला प्रतिकार २००९ च्या हंगामात नोंदला गेला. पुढे पाच-सहा वर्षांत बोलगार्ड-२ लाही, आणि २०१७ मध्ये विदर्भाने बोंडे फोडून पाहिले. हिरवी बोंडअळी हरभरा, तूर, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते, त्यामुळे तिला बिगर-बीटी आश्रय आपोआप मिळतो. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. त्यात आपले बियाणे संकरित, म्हणून एकाच बोंडात काही सरक्या बीटी, काही बिगर-बीटी, काहींत अर्धे विष. आणि १८० दिवसांचे पीक फरदडीसाठी (हंगामानंतरच्या जादा वेचणीसाठी) मार्चपर्यंत ओढले की अळीला दोन-तीन पिढ्या फुकट मिळतात. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये रेफ्युजी पाळली गेली, नंतर वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये कपाशीच्या पट्ट्यातून ही अळी संपल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले.

इथे एक बाजू योगायोगाचीही आहे. आपल्याकडच्या प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिन नावाच्या एकाच जनुकात निरनिराळे बिघाड सापडले आहेत. बिघाड हवा हे निवडीने ठरवले. त्यातला कोणता कुठे पसरला, यात नशिबाचाही वाटा आहे.

आता करायचे काय. धूळपेरणी किंवा मे महिन्यातली लागवड टाळा. जूनच्या पावसावर लावलेल्या पऱ्हाटीला फुले येण्याआधीच कोषातून निघालेले पतंग अंडी घालायला जागा न मिळून मरतात. लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणारे) पिकाच्या एक फूट वर लावा. पीक वाढेल तसे तेही वर घ्या आणि गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडे फोडून दोघांत अळी सापडली, की फवारणीची पातळी गाठली असे समजा. नुसती बाहेरून बोंडे पाहू नका. अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते आणि बोंड धडधाकट दिसते. गुलाबासारख्या मिटलेल्या डोमकळ्या तोडून नष्ट करा, बांधावर टाकू नका. डिसेंबर संपेपर्यंत पीक मोडा आणि पऱ्हाट्या घराशेजारी रचून ठेवू नका. हल्ली रेफ्युजीचे बी त्याच पाकिटात मिसळून येते, त्यामुळे फेकण्याचा प्रश्न बराचसा मिटला. पण प्रतिकार पसरल्यानंतर रेफ्युजी एकटी पुरत नाही. हंगाम तोडणे हाच आता मोठा उपाय आहे.

प्रश्न : आमच्या भागात सिकलसेल खूप आहे. इतका घातक आजार निवडीने संपायला हवा होता. मग टिकला कसा? लग्नाआधी कोणती तपासणी करावी?
— आशा कार्यकर्ती, कुरखेडा (जि. गडचिरोली)

उत्तर : टिकवला तो निवडीनेच. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकातले एक अक्षर बदलते आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. दोन्ही प्रती बदललेल्या (एसएस) असतील तर आजार होतो. एकच बदललेली (एएस) असेल तर माणूस सहसा धडधाकट असतो आणि फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या जीवघेण्या झटक्यातून वाचण्याची शक्यता त्याची जास्त असते. अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत हे १९५४ मध्ये दाखवले. समजा, एसएस बाळे मूल होण्याआधीच जातात आणि मलेरियामुळे ‘एए’वाल्यांचे (दोन्ही प्रती न बदललेल्यांचे) ११ टक्के नुकसान होते. तर बदललेल्या प्रतीचे प्रमाण १० टक्क्यांवर स्थिरावते. म्हणजे शंभरात १८ एएस आणि १ एसएस. त्या एकाच्या दुःखावर अठरांचे संरक्षण, असा निसर्गाचा क्रूर हिशेब आहे.

पण शेजारच्या दोन गावांत किंवा दोन समाजांत प्रमाण वेगळे का? मलेरिया दोघांनाही सारखाच असतो. तिथे मूळ कुटुंबे किती होती, त्यांत किती वाहक होते आणि लग्ने किती जवळच्या वर्तुळात होत राहिली, हे पाहावे लागते. तो भाग विचलनाचा.

मलेरिया उद्या संपला तरी सिकलसेल लगेच जाणार नाही. दहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर यायला दहा पिढ्या लागतात, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे. त्यामुळे निवडीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तपासणीबद्दल : सोल्युबिलिटी चाचणी फक्त ‘सिकल हिमोग्लोबिन आहे’ एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे तिला कळत नाही. पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या) करून एएस की एसएस हे लिहून घ्याच. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी फसते. तीव्र रक्तक्षयात किंवा नुकतेच रक्त चढवले असतानाही निकालावर भरवसा ठेवू नये.

दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के. ‘चार मुलांत एकच’ असा याचा अर्थ घरोघरी लावला जातो, तो चुकीचा आहे. पहिले बाळ एसएस निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. तीन मुलांत किमान एक एसएस असण्याची शक्यता ५८ टक्के आहे. लग्न झालेलेच असेल तर १० ते १२ आठवड्यांत वारेच्या पेशींचा नमुना घेऊन निदान होते, म्हणून दिवस राहिल्याबरोबर नोंदणी महत्त्वाची. एएस आणि एए यांच्या लग्नात आजारी बाळाची भीती नसते, हेही ठासून सांगा. विनाकारण मोडलेली लग्ने हाही या आजाराचाच त्रास आहे.

प्रश्न : रक्त लाल असण्याचा फायदा काय?
— विद्यार्थी, मेहकर (जि. बुलडाणा)

उत्तर : काही नाही. निवडीला हवा होता तो प्राणवायू वाहून नेणारा रेणू. त्यात लोह असलेला हीम आहे आणि हीम लाल दिसतो. रंग त्या रेणूबरोबर आपोआप आला. हाडे पांढरी असण्याचेही तसेच. निवड आणि विचलन यांच्याखेरीज गुणांचा हा तिसरा ढीग आहे आणि तो लहान नाही.

प्रश्न : माझ्यापेक्षा मुलगा उंच, मुलापेक्षा नातू उंच. उत्क्रांती चालू आहे काय?
— निवृत्त तलाठी, अचलपूर (जि. अमरावती)

उत्तर : नाही. दोन पिढ्यांत जनुके इतकी बदलत नाहीत. लहानपणीचे जुलाब-जंत कमी झाले, आहार सुधारला, आणि जी उंची तुमच्याही जनुकांत होती ती नातवाला गाठता आली.

प्रश्न : गावात गवळाऊचा एकच वळू आहे, गाई पन्नास. आता बहुतेक वासरांची शिंगे त्याच्यासारखीच खाली वळलेली येतात. अशा शिंगांचा कामाशी किंवा दुधाशी संबंध असावा का?
— गोपालक, कारंजा घाडगे (जि. वर्धा)

उत्तर : संबंध शोधू नका. गावातल्या सगळ्या वासरांचा बाप एकच असेल तर त्याची शिंगे, त्याचा कपाळ-पट्टा, त्याचा दोष असे सगळेच पसरते. नर-माद्यांची संख्या असमान असेल तेव्हा पहिल्या उत्तरातला N काढायचे सूत्र असे : ४ × नर × माद्या, भागिले (नर + माद्या). एक वळू आणि ५० गाई असल्या तर २०० भागिले ५१, म्हणजे सुमारे ४. तुमच्या ५१ जनावरांचा कळप जनुकांच्या हिशेबात चार जनावरांचा आहे. पाच वळू ठेवले तर हाच आकडा १८ होतो. पन्नासच्या शंभर गाई केल्या तरी एकाच वळूने तो ४ च्या वर जाणार नाही. म्हणजे गाई वाढवण्यापेक्षा वळू वाढवणे हा उपाय आहे.

चारच्या कळपात दर पिढीला एकरक्ताचे (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे) प्रमाण सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढते. गाय उलटणे, वासरू अशक्त निघणे, दोन वेतांतले अंतर लांबणे ही त्याची फळे. वळू त्याच्याच कालवडीवर गेला तर वासरात ते थेट २५ टक्के. म्हणून त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याआधी, साधारण तिसऱ्या वर्षी, वळू बदला किंवा दूरच्या गावाशी अदलाबदल करा. शेजारचे गाव नको, तिथला वळू बहुधा याचाच भाऊ असतो. गोऱ्ह्यांचे खच्चीकरणही त्याच वेळी उरकावे. आवारात मोकळे फिरणारे दीड-दोन वर्षांचे गोऱ्हे बहिणींवर जातात आणि सगळा हिशेब बिघडतो. कृत्रिम रेतनाची कांडी भरवत असाल तर कांडीवरचा वळूचा क्रमांक वहीत लिहा. तीच ती कांडी वर्षानुवर्षे वापरली तर दारात वळू नसूनही एकाच वळूचा कळप तयार होतो.

नवा वळू निवडताना आईचे दूध आणि बापाची चाल पाहा. शिंगांच्या वळणावर किंवा रंगावर अडून बसलात तर आधीच थोड्या वळूंतले आणखी कमी उरतात.

प्रश्न : ओडिशात सिमिलिपालला काळपट वाघ आहेत. दाट जंगलात लपायला तो रंग उपयोगी असेल ना? मग ताडोबा-टिपेश्वरला असे वाघ का नाहीत?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

उत्तर : ही लपण्याची गोष्ट पटते, पण आकडे विचलनाकडे बोट दाखवतात. तिथल्या वाघांचे पट्टे जाड होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की हे टॅकपेप नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने होते. याच जनुकातल्या बदलांनी मांजराच्या अंगावर ढबू पट्टे येतात आणि ‘किंग’ चित्त्याचे ठिपके जोडले जातात. बदल अप्रभावी आहे. सिमिलिपालच्या वाघांत त्या प्रतीचे प्रमाण ५८ टक्के आढळले. ०.५८ चा वर्ग ०.३४, म्हणजे दर तिघांत एक काळपट. भारतातल्या इतर जंगलांतून तपासलेल्या वाघांत तो बदल सापडला नाही. सिमिलिपालचे वाघ थोड्या पूर्वजांपासून वाढले आणि बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. त्या थोड्यांत एक वाहक असणे पुरते. अंधाऱ्या जंगलाचा थोडा फायदा असू शकेल, पण तो धरला नाही तरी चित्र जुळते.

ताडोबात हा बदल शंभरातल्या एका प्रतीत लपलेला असता, तरी काळपट वाघ दहा हजारांत एकच निघाला असता. तेवढे वाघ जगातही नाहीत. आणि ताडोबा एकटे नाही. ब्रह्मपुरी, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, पेंच अशी जंगले तुटक का होईना, जोडलेली आहेत. विचलन रोखायला दर पिढीला बाहेरून एखादे जनावर येऊन प्रजनन करणे पुष्कळ असते. महामार्ग ४४ वर पेंचजवळ वन्यप्राण्यांसाठी जे भुयारी मार्ग आणि पूल केले, त्यांचा उपयोग याच हिशेबात मोजावा. नुसते चालून येणे मात्र पुरत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक नर हजारो किलोमीटर भटकून बुलडाण्यातल्या ज्ञानगंगेत स्थिरावला. तिथे वाघीण नव्हती. जनुकांच्या दृष्टीने तो प्रवास शून्य.

उलट दिशेचा प्रवास २०२४ च्या अखेरीस झाला. सिमिलिपालच्या वाघांत नवे रक्त यावे म्हणून ताडोबातून दोन वाघिणी तिकडे नेल्या. त्यातली एक झारखंड-बंगालकडे भटकली, तिला पकडून परत आणावे लागले. काळपट नरापासून ताडोबाच्या वाघिणीला पिल्ले झाली तर ती सगळी नेहमीच्या पट्ट्यांची असतील, पण प्रत्येकाकडे बदललेली एक प्रत असेल. अशा दोन पिल्लांची पुढे जोडी जमली तर चारात एक काळपट. तेव्हा तिथले काळे वाघ कमी दिसू लागले तर रंग ‘वाईट’ ठरला असे समजू नका.